तमाशापंढरीचे कान

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला आकाशातले रेडिओ संकेत टिपणारी दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. तिच्या कामात अडथळा येऊ नये म्हणून भोवतालच्या उद्योगांवर बंधने आहेत, आणि ती बऱ्यापैकी पाळलीही जातात. माणसाच्या कानांसाठीही 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत: निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. यात्रेत डीजेपुढे उभे राहून हा आकडा कोण मोजतो?

याच तालुक्यातले नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. पूर्वी ढोलकी-हलगीवर रात्र निघायची, आता स्पीकरच्या भिंती असतात. आठवड्याला 40 तास 80 डेसिबल इथवर कान सोसतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 100 डेसिबलला मात्र जेमतेम 20 मिनिटे. आंतरकर्णातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. नुकसान आधी 4000 हर्ट्झच्या आसपास होते, त्यामुळे स, श, फ निसटतात. ‘‘ऐकू येतं, पण कळत नाही’’ ही तक्रार तिथून सुरू होते. याला औषध नाही. वेळेत कानाचे मशीन लावणे हा मुख्य उपाय. म्हातारपणाचा बहिरेपणा बहुधा याच जातीचा.

उलट, शेजारच्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणामागच्या आदिवासी वाड्यांत एखाद्या पोराचा कान वाहत असेल, तर तो दोष मधल्या कानाचा. पडदा फुटलेला असतो, नस शाबूत असते. कानशिलाच्या स्नायूवरचे पातळ आवरण घेऊन पडदा शिवता येतो. म्हणजे जो बहिरेपणा बरा होतो, त्याच्यावरच आपण कोमट तेल ओततो! वाहत्या कानात तेल नको, पाणी नको. घाण वास येत असेल तर दिरंगाई नकोच. हाड कुरतडणारी गाठ मेंदूपर्यंत पोचू शकते. काहींच्या कानांत आतल्या आणि मधल्या कानाचे दोष एकत्र असतात.

दोष कुठला, याचा पहिला अंदाज 512 हर्ट्झचा ध्वनिकाटा देतो. कानामागच्या हाडावर टेकवल्यावर आवाज हवेतल्यापेक्षा मोठा वाटला, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात. नेमके माप ऑडिओमेट्रीत मिळते.

तान्ह्या बाळाला विचारता येत नाही, म्हणून ओएई आणि झोपेत होणारी बेरा चाचणी. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, हे वेळापत्रक जगभर मान्य आहे. ‘‘बापही उशिरा बोलला होता’’ म्हणत घरे दोन-तीन वर्षे थांबतात, आणि भाषा शिकण्याचा काळ तेवढ्यात सरतो. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत तर जोखीम अधिकच. गरज पडल्यास कॉक्लियर इम्प्लांटसाठी केंद्राची एडिप योजना आहे. अंगणवाडी-शाळांतून मुले तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे.

पाळण्यातले मूल टाळीला दचकत नसेल, तर आशाताईंना सांगा, मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा आणि बेरा चाचणीसाठी पुण्याची चिठ्ठी मागून घ्या.