टाके बाहेर चार, खरी जखम आत!

‘दुर्बिणीचंच ऑपरेशन ना? मग चार दिवसांत ठणठणीत!’ आईची गर्भपिशवी काढायचं ठरलं आणि शेजारच्या काकूंपासून ऑफिसातल्या मैत्रिणीपर्यंत सगळ्यांनी मला हेच ऐकवलं. मंडळी, इथंच तर गोची आहे!

पोटावर तीन-चार भोकं दिसतात, फार तर एक-सव्वा सेंटिमीटरची. पण गर्भपिशवी तोंडासकट काढली की योनीमार्गाचा वरचा भाग उघडा राहतो. तो आतून शिवतात. मोठी जखम ही, आणि ती आरशात दिसत नाही.

हे आतले टाके उसवणं दुर्मिळ. शंभरात एखादीला, किंवा त्याहूनही कमी. पण पोट उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा दुर्बिणीनंतर ते जास्त आढळलंय. विजेच्या उपकरणानं कापताना कडा भाजतात, हे एक संभाव्य कारण. दुसरं म्हणजे बाई लवकर हिंडूफिरू लागते आणि घर तिला लवकर कामाला जुंपतं!

आमच्याकडे आठव्या दिवशी बेंबीजवळचा टाका ओला दिसला. भोवती लाली, हात लावला की ठणका. आई मधुमेही, म्हणजे जंतुसंसर्गाचा धोका आधीच जास्त. ‘हळद लावते, सुकेल’ हा तिचा फतवा धुडकावून मी तिला रिक्षात बसवलं. डॉक्टरांनी पू काढला. मग रोज ड्रेसिंग आणि साखरेवर कडक पहारा. जखम भरायला तीन आठवडे गेले.

खांदा दुखला तर घाबरू नका, पोटात भरलेल्या गॅसमुळे तो दोन-तीन दिवस दुखतो. ताप, पू किंवा भोकाजवळ फुगवटा दिसला तर मात्र लगेच डॉक्टरांना फोन. योनीतून अचानक रक्त किंवा पाणी गेलं, खाली काही सरकल्यासारखं वाटलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल! महिन्याभरानं भोकाजवळ गाठ आली आणि नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देईना, तर टीबीच्या जातकुळीतले जंतू असू शकतात. त्यांची वेगळी तपासणी करावी लागते.

आणि हो, किमान सहा ते आठ आठवडे भरलेली बादली उचलणं बंद, शरीरसंबंधही बंद. ते पुन्हा केव्हा, हे डॉक्टर तपासून सांगतात. आईशी हे बोलताना मी जाम ओशाळले, पण बोलले. बाबांना सांगायचं काम डॉक्टरांवर सोपवलं!

डिस्चार्जच्या दिवशी एकच विचारा, ‘आतले टाके कधी भरणार?’ घरातल्या कामांची वाटणी त्या तारखेपर्यंत करून टाका.