घडवलेला खेळाडू कुणाचा?

क्रीडापानावर दर हंगामात एक बातमी ठरलेली असते. संघातला सर्वांत चांगला खेळाडू दुसरीकडे जाऊ पाहतो, प्रशिक्षक त्याला थांबवू पाहतो आणि चार दिवस निष्ठा, कृतघ्नता, अहंकार असे मोठे शब्द दोन्ही बाजूंनी फेकले जातात. युरोपच्या फुटबॉलमध्ये ही बातमी कोट्यवधींची असते. धाराशिवसारख्या जिल्ह्यात खो-खोच्या मैदानावर हेच घडते तेव्हा त्याची बातमी होत नाही. मुलगी नोकरीला लागली, एवढेच गावात म्हटले जाते. प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच आहे. खेळाडू घडवण्यात ज्याने आपली वर्षे घातली त्याचे काही येणे बाकी राहते का? राहत असेल, तर ते कोणी आणि कशा रूपात फेडायचे?

संघबदलाचे भांडण निष्ठेचे दिसते, पण मुळात ते न मांडलेल्या हिशेबाचे असते, असे या लेखाचे म्हणणे आहे. फुटबॉलने हा हिशेब उशिरा का होईना, नियमात लिहिला. आपल्याकडे तो अजून मनातच ठेवला जातो, आणि मनातल्या हिशेबावर व्याज फार चढते.

रुनी आणि मॉयेस

आघाडीचा खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्यातला तणाव समजून घ्यायला वेन रुनी आणि डेव्हिड मॉयेस यांचे उदाहरण पुरेसे आहे. रुनी लिव्हरपूल शहरातला, घरचे सगळे एव्हर्टन क्लबचे चाहते. नवव्या वर्षी तो त्याच क्लबच्या बालसंघात दाखल झाला. ऑक्टोबर २००२ मध्ये, सतरावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, त्याने आर्सेनलविरुद्ध अखेरच्या क्षणी गोल केला आणि त्या संघाची ३० सामन्यांची अपराजित घोडदौड थांबवली. मॉयेस तेव्हा एव्हर्टनचे प्रशिक्षक होते. २००४ च्या युरो स्पर्धेत रुनीने चार गोल केले आणि त्याच ऑगस्टमध्ये तो मँचेस्टर युनायटेडला गेला. व्यवहार २.७ कोटी पौंडांपर्यंत जाणारा होता आणि मुलगा अठरा वर्षांचा.

ताण इथे संपला नाही. २००६ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात रुनीने आपल्या जाण्याची हकिगत सांगताना मॉयेस यांच्यावर आरोप केले. दोघांतले खासगी बोलणे त्यांनी स्थानिक वृत्तपत्राकडे फोडले, हा त्यांतला एक. मॉयेस यांनी बदनामीचा दावा लावला. २००८ मध्ये रुनीने माफी मागितली, प्रकरण मिटले आणि भरपाईची रक्कम मॉयेस यांनी एव्हर्टनच्या माजी खेळाडूंसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिली. पुढे २०१३ मध्ये हेच मॉयेस मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक झाले. रुनी पुन्हा त्यांच्या हाताखाली आला, आणि चेल्सी क्लब त्याला मागत असताना मॉयेस यांनी त्याला सोडले नाही.

या हकिगतीतल्या दोन गोष्टींकडे सहसा लक्ष जात नाही. पहिली अशी की रुनी गेल्यावर एव्हर्टन कोसळला नाही. तो असताना २००३-०४ मध्ये सतराव्या क्रमांकावर राहिलेला संघ तो गेल्यानंतरच्या हंगामात चौथा आला. 'हा गेला तर संपले' ही प्रशिक्षकाची भीती खरी असते, पण ती नेहमी खरी ठरतेच असे नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. भांडण झाले ते रुनी आणि मॉयेस यांच्यात; पण मॉयेस यांनी रुनीला शिकवले ते जेमतेम दोन वर्षे. नऊ ते सोळा या वयात त्याला घडवणारे बालसंघांचे प्रशिक्षक या भांडणात कुठेच नव्हते. संघबदलाच्या वेळी आवाज शेवटच्या प्रशिक्षकाचा असतो. पहिल्या प्रशिक्षकाला कोणी विचारत नाही.

फुटबॉलने मांडलेला हिशेब

एके काळी युरोपात करार संपलेल्या खेळाडूलाही जुना क्लब पैसे मिळाल्याशिवाय सोडत नसे. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमनला याच कारणाने फ्रान्समधल्या डंकर्क क्लबकडे जाता आले नाही. तो न्यायालयात गेला आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की करार संपल्यावर युरोपीय संघातल्या खेळाडूला अडवून ठेवता येणार नाही. खेळाडू मोकळा झाला. पण छोटे क्लब विचारू लागले, की आमच्याकडे शिकलेला मुलगा असाच निघून जाणार असेल तर मुले शिकवायची कशाला?

याचे उत्तर म्हणून जागतिक फुटबॉल महासंघाने, म्हणजे फिफाने, २००१ मध्ये दोन तरतुदी केल्या. पहिली प्रशिक्षण-भरपाईची. खेळाडू पहिला व्यावसायिक करार करतो तेव्हा, आणि तेविसाव्या वर्षापर्यंत एका देशातून दुसऱ्या देशात क्लब बदलतो तेव्हा, त्याला शिकवणाऱ्या क्लबला नव्या क्लबने भरपाई द्यायची. दुसरी तरतूद सहभाग-निधीची. आंतरराष्ट्रीय संघबदलात मोजल्या जाणाऱ्या रकमेचे ५ टक्के बाजूला काढायचे आणि १२ ते २३ या वयात खेळाडू जिथे जिथे खेळला त्या क्लबांत वाटायचे.

आकड्यांत सांगायचे तर, व्यवहार १ कोटी रुपयांचा असेल तर ५ लाख बाजूला निघतात. वयाच्या १२ ते १५ या चार हंगामांचे प्रत्येकी २५ हजार आणि १६ ते २३ या आठ हंगामांचे प्रत्येकी ५० हजार. म्हणजे मुलगा चौदाव्या वर्षी गावातला क्लब सोडून गेला असला, तरी दहा वर्षांनी त्याचा मोठा व्यवहार होताना त्या क्लबचा वाटा निघतोच. तो वेळेवर पोहोचावा म्हणून नोव्हेंबर २०२२ पासून फिफाने पॅरिसमध्ये स्वतंत्र वसुली-वाटप केंद्र सुरू केले आहे.

या व्यवस्थेत तीन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. पैसे नवा क्लब देतो, खेळाडू देत नाही. पैसे क्लबला मिळतात, प्रशिक्षकाला व्यक्तिशः नाहीत, त्यामुळे शिकवण्याचे काम पुढे चालू राहते. आणि महिला फुटबॉलला यातली प्रशिक्षण-भरपाई लागूच नाही. जिथे पैसा मुळात थोडा आहे तिथे भरपाईची अट लावली, तर मुलींना पहिला करार द्यायलाच क्लब कचरतील, हा त्यामागचा विचार. ही शेवटची बाब धाराशिवकडे येताना लक्षात ठेवायला हवी.

धाराशिवचे मैदान

धाराशिव जिल्ह्यात फुटबॉल नाही तर खो-खो रुजला, याचे कारण समजण्यासारखे आहे. दोन खांब, आखलेले मैदान आणि धावणारी मुले एवढ्यावर खेळ उभा राहतो. पावसावर जगणाऱ्या, उद्योग कमी असलेल्या जिल्ह्याला परवडेल असा हा खेळ. याच मैदानातून सारिका काळे भारताच्या कर्णधारपदापर्यंत गेल्या. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळवले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात नेपाळला ७८-४० असे हरवणाऱ्या भारतीय महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

इथे क्लबचे करार नाहीत आणि संघबदलाची किंमतही नाही. तरी संघबदल आहे, आणि त्याचे नाव नोकरी. राज्य अजिंक्यपद स्पर्धा जिल्ह्यांच्या संघांत होते. राष्ट्रीय स्पर्धेत राज्यांच्या संघांबरोबर रेल्वे, विमानतळ प्राधिकरण अशा आस्थापनांचेही संघ उतरतात. गुणी खेळाडूला आस्थापनेत नोकरी मिळाली, की काल ज्या संघासाठी ती खेळली त्याच संघासमोर उद्या ती उभी राहू शकते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतले प्रावीण्य आणि पडताळणी झालेले प्रमाणपत्र लागते. म्हणजे पदक मिळेपर्यंत खेळाडूला संघ हवा, आणि पदक मिळाले की संघ सोडण्याची वाट उघडते. प्रशिक्षकाने तिला जितके चांगले घडवावे तितकी ती लवकर जाणार.

प्रशिक्षकाची अडचण खोटी नाही. खो-खोत आठ जणी बसलेल्या असतात, एक पाठलाग करते, आणि कोणी कधी कुणाला खो द्यायचा ही समज वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. त्यातली एक गेली तर केवळ एक जागा रिकामी होत नाही, नऊ जणींची घडी विस्कटते. दुसरीकडे खेळाडूची घाईही खोटी नाही. खेळण्याचे वय थोडे आणि घर वाट पाहणारे. मुलीच्या बाबतीत नोकरी लांबली तर लग्नाचा विषय पुढे येतो. अशा वेळी 'एवढी एक स्पर्धा खेळ, मग जा' हे प्रशिक्षकाचे साधे वाक्य घरी वेगळेच ऐकू येते.

सारिका काळे यांची कहाणी या दृष्टीने वाचावी. घरची परिस्थिती अशी, की सुमारे दहा वर्षे दिवसातून एकदाच जेवून आपण खेळलो, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. २०१६ मध्ये घरच्या आर्थिक ओढगस्तीने त्या खेळ सोडण्याच्या निर्णयापर्यंत आल्या होत्या. त्यांचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली आणि त्या मैदानावर परतल्या. पुढे शासकीय नोकरी मिळाली, तीही तुळजापुरात, क्रीडा अधिकारी म्हणून. खेळाडू गेली नाही, जिल्ह्यातच राहिली. प्रशिक्षकाचे श्रम आणि खेळाडूचे भवितव्य इथे एका रेषेत आले. पण अशा जागा जिल्ह्यात किती असणार? बहुतेकींना पुणे, मुंबई किंवा त्याही पलीकडे जावे लागते.

ना-हरकत आणि दहावा हिस्सा

आपल्याकडे संघबदलाचे हत्यार आहे ते ना-हरकत प्रमाणपत्र. क्रिकेटमध्ये एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालने मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी ते मागितले आणि पुढच्याच महिन्यात आपली मागणी मागे घेतली. नामवंत खेळाडूच्या मागे माध्यमे असतात. तालुक्याच्या ठिकाणच्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या मागे कोणी नसते. तिच्यासाठी त्या कागदावरची सही किंवा 'संघात घेऊ की नको' हा प्रशिक्षकाचा निर्णय म्हणजे सगळे भवितव्य असते.

आपल्या परंपरेत या देण्याला गुरुदक्षिणा म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण त्याला आकडा नाही आणि मुदतही नाही. ज्याला आकडा नाही ते ऋण कधी फिटले हे सांगता येत नाही. एकलव्याच्या कथेत तर न शिकवणाऱ्या गुरूनेही दक्षिणा मागितली आणि ती शिष्याची विद्याच घेऊन गेली. तालमीत वस्ताद एक डाव राखून ठेवतो असे म्हणतात, त्यातही शिष्य उद्या समोर उभा राहील ही धास्ती आहेच.

आकडा घालायची सुरुवात राज्य शासनाने एका ठिकाणी केली आहे. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेनंतर महाराष्ट्राने आपल्या सुवर्णविजेत्यांना १ कोटी आणि त्यांच्या मार्गदर्शकांना १० लाख, रौप्याला ७५ लाख आणि मार्गदर्शकाला साडेसात लाख, कांस्याला ५० लाख आणि मार्गदर्शकाला ५ लाख असे बक्षीस जाहीर केले. म्हणजे घडवणाऱ्याचा वाटा दहावा हिस्सा, आणि तो खेळाडूच्या रकमेतून कापलेला नाही, वेगळा दिलेला आहे. तत्त्व योग्य आहे. अडचण एवढीच, की हा हिशेब आंतरराष्ट्रीय पदकाच्या टोकावर होतो. बाराव्या ते अठराव्या वर्षांत पहाटे मैदान मारणाऱ्या आणि मुलीच्या घरी जाऊन वडिलांची समजूत काढणाऱ्या माणसापर्यंत तो क्वचितच पोहोचतो, कारण त्याच्या बहुतेक मुली पदकापर्यंत जात नाहीत, नोकरीपर्यंत जातात.

हाच धागा पुढे नेता येईल. खेळाडू म्हणून कुणाला नोकरी देताना तिच्या अर्जावर जन्मतारखेप्रमाणे तिच्या पहिल्या क्रीडा मंडळाचे नाव आणि तिथे काढलेली वर्षे नोंदवली जावीत. नोकरी देणाऱ्या आस्थापनेने त्या वर्षांच्या प्रमाणात ठरलेली छोटी रक्कम मंडळाला द्यावी: मैदानाची माती, बूट, प्रवासखर्च यांसाठी. दोन अटी मात्र पक्क्या हव्यात. रक्कम खेळाडूच्या पगारातून जाता कामा नये, आणि ती मिळाली नाही म्हणून कुणाला अडवता येता कामा नये. नाही तर बोसमनने तोडलेली साखळी आपण धाराशिवच्या मुलीच्या पायात घालू. रक्कम इतकी मोठीही नको, की मुलीला घेण्याआधी आस्थापनेने दोनदा विचार करावा.

याने प्रशिक्षकाचे दुःख जाईल असे नाही. तयार झालेली खेळाडू निघून जाताना पाहणे कठीणच असते. पण पुढच्या तुकडीसाठी मंडळाच्या खात्यात थोडे पैसे आणि सरकारी कागदावर मंडळाचे नाव असेल, तर त्याला 'एवढी एक स्पर्धा खेळ' असे म्हणण्याची गरज कमी पडेल. आणि मुलीलाही सुट्टीत गावी आल्यावर मैदानाकडे जाताना पाय अडखळणार नाहीत.