चार पापडांची शिदोरी



गटाच्या बैठकीत हप्ते आणि बचतीचा हिशोब झाला की गप्पा सुरू होतात, आणि गप्पा शेवटी मुलांवर येतात. पूर्वी कुणाचं पोरगं नाशिकला, कुणाची लेक पुण्याला शिकायला असायची. आता एखाद्या घरातलं मूल जर्मनीला, इंग्लंडला, ऑस्ट्रेलियालाही गेलेलं असतं. आईचं म्हणणं बहुतेक एकच असतं: "फोनवर म्हणते, सगळं बरं आहे. पण आवाज बरा वाटत नाही." आणि शेजारची म्हणते, "एवढा खर्च करून पाठवलं, आता भाकरीसाठी रडायचं का?"

आज त्या भाकरीबद्दलच बोलू. परदेशात शिकणाऱ्या मुलांना घरच्या साध्यासाध्या गोष्टींची इतकी आठवण का येते, ते लाड असतात की गरज, आणि आपण इथे बसून काय करू शकतो, हे पाहू.

बाबासाहेब आणि पत्र्यावरचे पापड

आपल्या येवल्याचं आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नातं तुम्हाला माहीत आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी इथेच धर्मांतराची घोषणा केली. ती जागा आपण मुक्तिभूमी म्हणून ओळखतो. बाबासाहेब किती शिकले, कोणत्या पदव्या मिळवल्या, हे आपण भाषणांत ऐकतो. ते शिकत असताना काय खात होते, हे मात्र फारसं ऐकायला मिळत नाही.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती होती महिन्याला साडेअकरा पौंड. त्यातच राहायचं, खायचं, पुस्तकं घ्यायची आणि घरीही पैसे पाठवायचे. आधी ते विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले. तिथलं जेवण त्यांच्या गळ्याखाली उतरेना. आठवड्याभरात त्यांनी ती जागा सोडली आणि जिथे आपल्याकडची काही मुलं राहत होती तिथे गेले. पुढे नवल भथेना नावाच्या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले. ही मैत्री जन्मभर टिकली.

१९२० मध्ये ते अपुरं राहिलेलं शिक्षण पूर्ण करायला लंडनला गेले. या वेळी हातात होती नोकरीतून साठवलेली रक्कम, शाहू महाराजांनी केलेली मदत आणि भथेनांकडून घेतलेले पाच हजार रुपये उसने. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात त्या दिवसांचं वर्णन आहे. सकाळी घरमालकिणीकडे चहा-पावाचा तुटपुंजा नाश्ता. मग दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन, दुपारच्या जेवणाला फाटा. रात्रीचं जेवणही नावापुरतं. रात्री दहाच्या सुमारास भूक अनावर व्हायची. एका ओळखीच्या माणसाने त्यांना पापड दिले होते. त्यातले चार पापड ते पत्र्याच्या थाळीवर भाजायचे, त्याबरोबर कपभर दूध प्यायचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचे ते पहाटेपर्यंत.

ते पापड कुठे ना कुठे कोणत्यातरी बाईने लाटलेले असणार, उन्हात वाळवलेले असणार. तिला त्याचा पत्ताही नसेल. पण १९२३ मध्ये डी.एस्सी. ही पदवी मिळाली, त्या अभ्यासाच्या रात्रींना त्या पापडांचाही हातभार होता. लंडनमधलं ते घर, १० किंग हेन्रीज रोड, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. आज तिथे स्मारक आहे.

आनंदीबाईंची थंड खोली

दुसरी गोष्ट एका मुलीची. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला गेल्या. वय अठरा. सोबत नवरा नाही, नातेवाईक नाही. ४ जून १८८३ ला त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि पुढे फिलाडेल्फियाच्या महिलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या.

त्यांचे प्रश्न मोठे नव्हते, रोजचे होते. नऊवारीत कंबर आणि पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिथली थंडी तर हाडं गोठवणारी. म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. शाकाहारी असल्यामुळे जेवणाची पंचाईत. राहायला मिळालेल्या खोलीतली शेकोटी नीट चालत नव्हती. पेटवली तर खोलीभर धूर, विझवली तर गारठा.

त्यांना आधार मिळाला तो न्यू जर्सीत राहणाऱ्या कार्पेंटरबाईंचा. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या. कॉलेज सुरू होण्याआधीचे महिने त्या या मावशींच्या घरी राहिल्या. तिथे त्यांनी आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून लोकांना जेवूही घातलं. परक्या देशात हाताला आपल्या चुलीचं काम मिळणं हाही विसावाच असतो.

११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पण तब्येत तोवर ढासळली होती. परत आल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं क्षयाने निधन झालं. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. क्षय जंतूमुळे होतो, थंडीमुळे नाही. पण पोटात पुरेसं अन्न नसेल, अंगात ऊब नसेल, तर शरीर कोणत्याही आजाराशी कमी लढतं. म्हणून मुलगी "इथे फार थंडी आहे गं" असं म्हणाली, तर ती तक्रार हसण्यावारी नेऊ नका.

आठवण एवढी का येते?

वासाची जाणीव मेंदूत जिथे पोहोचते, त्याच्या अगदी जवळ आठवणींचे आणि भावनांचे भाग आहेत. म्हणून फोडणीचा वास आला की क्षणात आजीचं स्वयंपाकघर उभं राहतं. परदेशात तो वासच हरवतो.

दुसरं कारण उजेडाचं. लंडनमध्ये डिसेंबरात सूर्य सकाळी आठला उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. उन्हाखाली वाढलेल्या मुलांना हा अंधार जड जातो. मन उदास होतं, झोप बिघडते.

तिसरं म्हणजे शंभर बारीक गोष्टी. संडासात पाण्याऐवजी कागद. बादली-तांब्याची आंघोळ नाही. दारात कोणी "जेवलीस का?" विचारत नाही. यातली एकेक गोष्ट सांगायला गेलं तर हसू येतं, म्हणून मुलं सांगत नाहीत. पण सगळ्या मिळून माणूस थकतो. दिवसभर परक्या भाषेत बोलायचं, लिहायचं, परीक्षा द्यायची, आणि रात्री एकतरी गोष्ट आपली लागते. त्या एका गोष्टीवर दुसऱ्या दिवसाचा अभ्यास उभा राहतो. म्हणून म्हणते, हे लाड नाहीत, ही शिदोरी आहे.

आपण काय करायचं?

जाण्याआधी शिकवा. मुलगा असो की मुलगी, खिचडी, वरण-भात, पिठलं, पोळी आणि एक भाजी यायलाच हवी. बाबासाहेबांना पापड भाजावे लागले, तुमच्या मुलालाही भाजावे लागतील. तिथल्या बहुतेक वसतिगृहांत खोलीत गॅस किंवा शेगडी चालत नाही, आणि मिरचीचा ठसका उडाला की धुराची घंटा वाजते. पापड मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभरात, तेलाशिवाय भाजून होतो, हे सांगून ठेवा.

सामान विचार करून द्या. बऱ्याच विमानांत एका बॅगेला २३ किलोची मर्यादा असते. लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत चालत नाही, कारण तिथे १०० मिलीपेक्षा मोठी पातळ पदार्थांची बाटली नेऊ देत नाहीत. हलकं आणि टिकणारं द्या: नागलीचे पापड, कुरडया, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला, भाजणी. एक प्लास्टिकचा मग द्या. जुन्या लुगड्याची पातळ गोधडी द्या, वजनाला हलकी आणि मनाला उबदार. आपला मिक्सर अमेरिकेला देऊ नका. आपली वीज २३० व्होल्टची, तिथली १२० ची, तो चालणार नाही.

खायचं सामान लपवू नका. उतरल्यावर विमानतळावर जो फॉर्म असतो त्यावर "खाण्याचे पदार्थ आहेत" असं खरं लिहायला सांगा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे नियम फार कडक आहेत. लपवलेलं सापडलं तर मोठा दंड होतो. सांगितलेलं नियमात बसत नसेल तर फार तर टाकून देतात. पाकीट बंद असावं, त्यावर पदार्थाचं नाव, घटक आणि तारीख इंग्रजीत असावी. कापडात बांधलेली पुडी अधिकाऱ्याला कळत नाही.

इथे आपल्या गटांसाठीही काम आहे. अन्न सुरक्षेची नोंदणी, नीट वाळवण, घट्ट बंद पाकीट आणि स्पष्ट लेबल एवढं जमलं, तर आपले पापड लेकरांच्या बॅगेतून जगभर जातील. कुरिअरवाले वजनावर पैसे घेतात, आणि पापडाइतका हलका आणि पोटाला आधार देणारा पदार्थ दुसरा कोणता?

फोन कधी करायचा, हेही शिकून घ्या. हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा लंडनला दुपारचे चार, न्यूयॉर्कला सकाळचे अकरा आणि सिडनीत पहाटेचे तीन वाजलेले असतात. उन्हाळ्यात या वेळा तासाभराने बदलतात. लेकराच्या वेळेचं दुसरं घड्याळ भिंतीवर लावलं तरी चालेल.

आणि फोनवर काय बोलायचं? "कशी आहेस?" विचारलं की "बरी आहे" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, "आज काय खाल्लंस? कुणाबरोबर खाल्लंस?" या दोन प्रश्नांत सगळं कळतं. रोज बिस्किटंच खाते, रोज एकटीच खाते, असं ऐकलं तर समजून घ्या. तिला आपल्याकडच्या मुलांची ओळख काढायला सांगा, आठवड्यातून एकदा मिळून स्वयंपाक करायला सांगा. बाबासाहेबांना भथेना भेटले, आनंदीबाईंना कार्पेंटरमावशी भेटल्या. कोणीतरी भेटावं लागतं.

पहिले काही आठवडे घरची ओढ लागणारच, ती हळूहळू ओसरते. पण महिना उलटूनही मूल नीट जेवत नसेल, झोपत नसेल, वर्गात जात नसेल, तर "धीर धर" एवढं पुरत नाही. बहुतेक विद्यापीठांत मुलांशी बोलणारे समुपदेशक असतात. त्यांच्याकडे जायला सांगा. तसं जाण्यात कमीपणा नाही, आणि "गावात काय सांगू" हा विचार तर आपण मनात आणूच नये.

एक शेवटचं. घरची अडचण मुलांपासून लपवणं हा आपला स्वभाव, आणि तिकडची अडचण आपल्यापासून लपवणं हा त्यांचा. दोन्हीकडून "सगळं बरं आहे" चालू राहतं आणि दोन्हीकडे माणूस एकटं पडतं. आपणच आधी खरं बोललो, "यंदा कांद्याला भाव नाही, पण आम्ही निभावतोय" असं सांगितलं, तर लेकही सांगेल, "आई, इथे भूक लागते गं रात्री."

तेवढं कळलं की पापडाचं पाकीट कधी पाठवायचं, हे तुम्हाला कोणी सांगावं लागणार नाही.