दाताचा भाव

दाताच्या एका खुणेला किमान १०,००० रुपये. लचका तुटला असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरला किमान २०,०००. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १९३ याचिका एकत्र निकाली काढताना कुत्रा चावल्याच्या भरपाईचे हे दर ठरवून दिले. कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात. त्यातले चार सुळे नुसते रुतले, तरी हिशेब ४०,००० पासून सुरू होतो. आणि एक सेंटिमीटरचा लचका? ०.२ चे पाच तुकडे, म्हणजे थेट एक लाख.

वाचताना आधी हसू येतं. न्यायमूर्ती पट्टी घेऊन पोटऱ्या मोजणार की काय! पण जरा विचार केला की यातली माया कळते. दर ठरलेला नसेल, तर चावा बसलेल्या माणसाला आपल्या वेदनेची किंमत स्वतः सिद्ध करावी लागते, आणि ती किती सिद्ध होईल हे बरंचसं वकिलाच्या फीवर ठरतं. दर ठरला की भाजीवालीचा चावा आणि बिल्डरचा चावा एकाच मापात येतो.

शिवाय ही कल्पना मुळीच नवी नाही. नवव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या वेसेक्सचा राजा आल्फ्रेड यानेही जखमा मोजूनच भरपाई ठरवली होती. केसांखाली झाकली जाणारी जखम असेल तर इंचाला एक शिलिंग, उघडी दिसणारी असेल तर दोन. कुत्र्यासाठी त्याचा हिशेब निराळा, चढता. पहिल्या चाव्याला सहा शिलिंग, त्यानंतरही मालक त्याला खाऊ घालत राहिला तर दुसऱ्याला बारा, तिसऱ्याला तीस. चावून कुत्रा पळून गेला तरी मालकाची सुटका नाही.

खाऊ घालणं म्हणजे जबाबदारी घेणं का, हा वाद आपल्याकडे आजही पेटलेलाच आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं, भटक्या कुत्र्यांना खायला घालायचंय ना, मग रीतसर दत्तक घ्या, महापालिकेत नोंदणी करा. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

आल्फ्रेडच्याही मागे जायचं तर बगदादजवळच्या तेल हरमल इथे जावं लागतं. तिथे १९४० च्या दशकात उत्खननात मातीच्या दोन पाट्या निघाल्या. त्यांवर एश्नुन्ना या राज्याचे कायदे कोरलेले, वय पावणेचार हजार वर्षांच्या आसपास. त्यातलं एक कलम पिसाळलेल्या कुत्र्याचं आहे. कुत्रा पिसाळलाय असं अधिकाऱ्यांनी मालकाला कळवलं, तरी त्याने तो आवरला नाही, आणि तो चावून माणूस मेला, तर मालकाने दोन तृतीयांश मिना चांदी द्यायची. म्हणजे ४० शेकेल, आजच्या मापाने साधारण ३३० ग्रॅम. मेलेला माणूस गुलाम असेल तर १५ शेकेल. (गुलामाचा भाव तिथेही वेगळा होताच.) रेबीजचा बहुधा सगळ्यांत जुना लेखी उल्लेख कुठल्या वैद्याच्या ग्रंथात सापडू नये, नुकसानभरपाईच्या कलमात सापडावा, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

त्या कलमाची कळ ‘कळवलं’ या अटीत आहे. मालकाला ठाऊक होतं का? पुढची हजारो वर्षं कायदा हाच प्रश्न विचारत राहिला. इंग्रजी न्यायालयांनी तर तो इतका ताणला की कुत्र्याला एक चावा माफ, अशी म्हणच पडली. पहिल्यांदा चावेपर्यंत तो चावरा आहे हे मालकाला कळणार कसं! आपल्या याज्ञवल्क्य स्मृतीने मात्र वेगळाच धागा पकडला. सुळ्यांचं किंवा शिंगांचं जनावर अंगावर गेलं आणि सोडवणं शक्य असूनही मालकाने सोडवलं नाही, तर दंड. त्या माणसाने ओरडून हाक मारली असेल आणि तरीही मालक हलला नसेल, तर दुप्पट. ठाऊक असण्यापेक्षा त्या क्षणी मालकाने काय केलं, याला तिथे मोल आहे.

भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ या दोन्ही धाग्यांचं वारस म्हणायला हरकत नाही. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुंबईत वरळीच्या एका इमारतीत २०१८ साली असंच घडलं. लिफ्टमध्ये लहान मुलाला घेऊन उभा असलेला बाप शेजाऱ्याला म्हणाला, मुलगा कुत्र्याला घाबरतो, जरा थांबा. शेजाऱ्याने न ऐकता आपला हस्की आत ओढला, आणि तो बापाला चावला. सगळं सीसीटीव्हीत आलं होतं. मे २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. एश्नुन्नाच्या अधिकाऱ्याला हा खटला समजावून सांगावा लागला नसता.

त्याला कोड्यात पाडलं असतं ते आपल्या गल्लीतल्या कुत्र्याने. त्याला मालकच नाही, मग चांदी मागायची कोणाकडे? पंजाब-हरियाणाच्या निकालाचं खरं नवल इथे आहे, दरात नव्हे. भरपाई आधी राज्याने द्यायची, मग कामात कसूर करणाऱ्या यंत्रणेकडून, किंवा कुत्रा पाळलेला असेल तर मालकाकडून, ती वसूल करायची. अर्ज जिल्ह्याच्या उपायुक्तांच्या समितीकडे करायचा आणि निकाल चार महिन्यांत. भार सरकारी यंत्रणेवर, कारण भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण ही २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. ‘ठाऊक नव्हतं’ असं म्हणायची सोय महापालिकेला कुठून असणार?

हे दर महाराष्ट्राला लागू नाहीत. इथे पाळीव कुत्र्याच्या बाबतीत पोलिसांत तक्रार आणि दिवाणी दावा, आणि भटक्याच्या बाबतीत फार तर महापालिकेविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका, असा लांबचा रस्ता आहे. रस्ता कुठलाही असो, पुरावा जखमेचाच लागतो, आणि तो केसपेपरवर बहुधा नसतो. तिथे ‘डॉग बाइट, कॅटेगरी थ्री’ एवढंच लिहितात. लस आणि इम्युनोग्लोब्युलिन द्यायला ते पुरतं, कारण त्वचा फाटली की एक दात काय नि दहा काय, वर्ग तिसराच. कोर्टाला मात्र आकडा हवा असतो. म्हणून आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. तिथे डॉक्टरांना दातांच्या खुणा किती, जखमेची लांबी किती आणि मांस निघालंय का, हे लिहून द्यायला सांगा. चाव्याच्या जखमेला शक्यतो लगेच टाके घालत नाहीत, त्यामुळे शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढायला वेळ मिळतो.