फिगर स्केटिंग उशिरा सुरू केलंय? मग हे वाचाच!

'आता या वयात काय!' म्हणून बूट माळ्यावर टाकू नका. जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फमध्ये २००५ पासून प्रौढांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. वय किमान २८ लागतं, साठी उलटलेल्यांसाठीही गट असतात!

उमेद टिकवायची तर उड्यांमागे लागू नका, बर्फावरच्या रेघा बघा. पात्याच्या तळाला मधोमध खोबण असते, त्यामुळे आतली आणि बाहेरची अशा दोन धारा होतात. मागे दोन समांतर रेघा उमटल्या तर पातं सपाट पडलंय. एकच बारीक, वळणदार रेघ दिसली की समजा, धार पकडली! माझ्या मते नवशिक्याला याहून मोठा आनंद नाही. त्या रेघेचा फोटो काढून ठेवा, महिन्याभराने ताडून बघा.

पडायची भीती वाटते? कमरेला आणि गुडघ्यांना पॅड बिनधास्त बांधा, आणि पडायचं कसं ते प्रशिक्षकाकडून आधी शिकून घ्या.