बंद केलेला संगणक खरोखर बंद असतो काय?

मागच्या पावसाळ्यात खाप्याच्या बाजूला एका कास्तकाराच्या वाडीत संत्र्यावरचा डिंक्या पाहायला गेलो होतो. झाडे पाहून झाली, ओसरीवर चहा आला. तेवढ्यात घरची सून म्हणाली, “साहेब, झाडाचा रोग पाहिला, आता आमच्या काम्पुटरचाही पाहून द्या ना.”

ही सूनबाई घरच्या संगणकावर वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देते. आदल्या संध्याकाळी वीज दोनतीनदा गेली आणि आली. तेव्हापासून संगणक सुरू होई, पडद्यावर चित्रही येई. पण माउस हलेना, कीबोर्डवरून अक्षर उमटेना आणि अंगठा घेण्याचे यंत्र तर मेल्यासारखे पडलेले. पीकविम्याची मुदत दोन दिवसांवर आणि अकरा घरांचे अर्ज बाकी! दुरुस्ती करणाऱ्याने फोनवरच निदान केले होते, की मदरबोर्ड जळाला, नवीन टाकावा लागेल. कास्तकार बिचारा कुठून पैसे काढावे या विचारात होता.

आत बसलेल्या आजीबाई मध्येच म्हणाल्या, “बंद केला तरी त्या उंदराचा लाल दिवा रातभर जळतच राहते. मी कवाची सांगून राहिली, की काहीतरी बिघडलं आहे.”

मी बी.एस्सी. ॲग्रीचा माणूस, संगणकाचा कारागीर नव्हे. पण कार्यालयातल्या संगणकाने अनेकदा रडवल्यामुळे थोडेफार शिकलो आहे. आजीबाईंनी पाहिलेला दिवा हा बिघाड नव्हता. मात्र सगळ्या गोष्टीची किल्ली त्यातच होती.

विहिरीवरच्या मोटारीचे उदाहरण घ्या. स्टार्टरचे लाल बटण दाबले की मोटार थांबते, पण मेन स्विचपासून स्टार्टरपर्यंतच्या तारेत वीज असतेच. संगणकाचेही तसेच आहे. जुन्या संगणकांचे बटण सरळ वीज तोडत असे. 1995 साली इंटेल कंपनीने एटीएक्स नावाची नवी रचना आणली. तिच्यात भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत आतला वीजपुरवठ्याचा डबा पाच व्होल्टची बारीक धार सतत सोडत राहतो. समोरचे बटण दाबल्यावर यंत्राला जाग यावी, एवढ्यासाठी ती असते. पुष्कळ संगणकांत हीच धार यूएसबीच्या खाचांनाही मिळते, म्हणून माउसचा दिवा जळतो. धार दोन वॉटची धरली, तरी वर्षभर अखंड चालल्यास साडेसतरा युनिट होतात. युरोपात अशा यंत्रांसाठी 2010 पासून एक वॉटची आणि 2013 पासून अर्ध्या वॉटची मर्यादा घातली गेली.

आता वीज झटके देत गेली-आली, की यूएसबी सांभाळणारा आतला भाग कधी कधी गोंधळून अडकतो. आपण संगणक दहादा बंद-चालू करतो, पण ती बारीक धार तुटत नाही, म्हणून गोंधळही सुटत नाही. पंपात हवा धरली तर नुसती मोटार चालू-बंद करून भागत नाही, हवा काढून पुन्हा पाणी भरावे लागते. तसलाच हा प्रकार.

माउस चालत नव्हता, म्हणून सूनबाईंना समोरचे बटण एकदा हलकेच दाबायला सांगितले. संगणक रीतसर बंद झाला. मग भिंतीवरचे बटण बंद करून प्लग उपसला. अंगठ्याचे यंत्र, प्रिंटर, पेनड्राइव्ह सारे सोडवले. प्लग बाहेर असतानाच समोरचे बटण वीसेक सेकंद दाबून धरले, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. पाच मिनिटे थांबलो आणि फक्त कीबोर्ड व माउस मागच्या खाचांत लावून वीज दिली. मागच्या खाचा मदरबोर्डवरच पक्क्या असतात. पुढच्या तारेने जोडलेल्या असल्यामुळे लवकर ढिल्या होतात. माउस हलला! मग एकेक यंत्र जोडत गेलो. पुढच्या एका खाचेतली पत्ती वाकलेली दिसली, तिच्यावर चिकटपट्टी लावून टाकली. अशी वाकलेली पत्ती किंवा एखादे बिघडलेले यंत्र वीज अडवते आणि कधी कधी संगणक सुरूच होऊ देत नाही.

माउस चालत असेल तर आधी ‘रीस्टार्ट’ करून पाहावे. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून ‘शट डाउन’ केल्यावर संगणक अर्धी आठवण डिस्कवर ठेवून झोपतो आणि सकाळी जुनाच गोंधळ घेऊन उठतो. ‘रीस्टार्ट’ केल्यास तो सारे नव्याने मांडतो.

एवढे करूनही भागले नाही, तर कारागिराकडे जावेच लागते. पण वीजपुरवठ्याचा डबा घरी कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात सव्वातीनशे व्होल्टपर्यंत वीज साठलेली राहू शकते. बाकीचे झाकण काढायचे तरी प्लग उपसूनच. दिवा विझला म्हणजे वीज गेली असे धरू नये.

निघताना मी संगणकाच्या पत्र्याच्या पेटीला उलटा हात लावून पाहिला, तर मुंग्या आल्या. “साहेब, तो तर रोजचाच झटका आहे,” कास्तकार हसून म्हणाले. मला मात्र हसू आले नाही. पेटीला मुंग्या येतात म्हणजे बहुधा अर्थिंग तुटलेले असते. पुढेमागे आतली तार पेटीला लागली तर तोच झटका जीव घेईल. त्यांच्या घरी थ्री-पिनचा तिसरा जाड खिळा नुसता शोभेचा होता, त्याला तारच जोडलेली नव्हती. अर्ज संपले की वायरमन बोलावण्याचे कबूल करून घेतले. विजा कडाडू लागल्या की प्लगसोबत इंटरनेटची तारही काढायला सांगितली.

अकराही अर्ज त्याच रात्री गेले. महिन्याने मी पुन्हा त्या वाडीत गेलो, तेव्हा घरामागे अर्थिंगचा नवा खड्डा झाला होता. उन्हाळ्यात त्यात पाणी टाकण्याचे काम आजीबाईंनी आपल्याकडे घेतले आहे. रात्री भिंतीवरचे बटणही त्याच बंद करतात, आणि उंदराचा दिवा विझला की मगच झोपतात.