विलायतेंतील अपंगांची रंगभूमि

जनकाच्या सभेंत अष्टावक्र शिरला तेव्हां त्याचें आठ ठिकाणीं वांकलेलें शरीर पाहून सभाजन हंसले, आणि हंसणाऱ्यांना केवळ हाडें व कातडें दिसतें असें उत्तर देऊन त्यानें सर्वांचीं तोंडें बंद केलीं, ही कथा आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं घरच्या वडील माणसांकडून ऐकली असेल. परंतु त्या कथेंत सभा जनकाची होती. अष्टावक्रानें स्वतःच सभा भरविली असती तर काय झालें असतें? इंग्लंडांत १९८० सालीं दोघा गृहस्थांनीं जवळजवळ हेंच केलें, व त्यांच्या उद्योगाची हकीकत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नबील शबान यांचा जन्म १९५३ सालीं जॉर्डन देशांतील अम्मान येथें झाला. हाडें ठिसूळ होण्याच्या उपजत विकारामुळें त्यांची वाढ खुंटली व चाकांची खुर्ची हेंच त्यांचें वाहन झालें. नट होण्याची हौस दांडगी. पण नाट्यशिक्षणाच्या शाळा त्यांना घेईनात. कॉव्हेंट्री येथील हेरवर्ड कॉलेजांत शिकत असतां तेथील अध्यापक रिचर्ड टॉमलिन्सन यांच्याशीं त्यांची गांठ पडली, आणि पुढें दोघांनीं मिळून अपंग नटांची एक नाटकमंडळी काढली. तिचें नांव ‘ग्रेआय’. ग्रीक पुराणांत या नांवाच्या तीन वृद्ध बहिणी आहेत. तिघींत मिळून एकच डोळा व एकच दांत, आणि तो त्या आळीपाळीनें वापरतात. आपल्या व्यंगाची अशी थट्टा स्वतःच करणाऱ्यांपुढें कींव करावयास आलेल्या माणसाची मोठी पंचाईत होते!

मंडळीच्या पहिल्या नाटकाचें नांव ‘साइडशो’. जत्रेंत किंवा सर्कशींत मुख्य खेळाच्या शेजारीं जो लहान तंबू लावीत, तो साइडशो. एकोणिसाव्या शतकांत युरोपांत व अमेरिकेंत अशा तंबूंतून ठेंगू माणसें, जोडलेलीं जुळीं, हातपाय नसलेलीं माणसें तिकीट लावून दाखवीत असत. बार्नमच्या पदरचा ‘जनरल टॉम थंब’ त्यांतच श्रीमंत झाला हें खरें. परंतु तंबू बहुधा दुसऱ्याचा असे, आणि काय दाखवावयाचें हें तो दुसराच ठरवी. तेंच नांव उचलून अपंगांनीं स्वतःचा तंबू उभारला.

हें धैर्य एकाएकीं आलेलें नव्हे. १९७२ सालीं पॉल हंट यांनीं ‘गार्डियन’ पत्रांत एक पत्र लिहून, आश्रमवजा संस्थांतून दिवस कंठणाऱ्या अपंगांनीं आपली संघटना करावी असें आवाहन केलें. त्यांतून निघालेल्या संघानें पुढें जें तत्त्व मांडलें तें थोडक्यांत असें कीं, पाय लुळा असणें ही एक गोष्ट, व पायऱ्यांमुळें दार बंद असणें ही अगदीं दुसरी. पहिली शरीराची, दुसरी समाजानें लादलेली. या संघांतील विक फिंकेलस्टाइन हे दक्षिण आफ्रिकेंत वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यांत तुरुंगवास भोगून आलेले होते. ‘फक्त गोऱ्यांसाठीं’ ही पाटी ज्यानें पाहिली, त्याला दारांतली पायरीही तशीच पाटी वाटली तर नवल काय? पुढें १९८६ सालीं लंडनांत अपंग कलावंतांची संस्था निघाली, तिच्या उभारणींतही त्यांचा हात होता.

यावर आमचे कांहीं वाचक म्हणतील कीं, आपल्या एकत्र कुटुंबांत अधू माणसाला कोणी टाकीत नाहीं. खरें आहे. पण सगळें घर नाटकाला निघालें म्हणजे घर राखावयास कोण राहतें, हेंही एकदां मोजून पाहावें. प्रेमानें वाढलेलें ताट आणि बाहेर जाण्याची मोकळीक या दोन वेगळ्या वस्तु आहेत.

विलायतेंत हा भेद एका दूरदर्शनाच्या कार्यक्रमावरून चव्हाट्यावर आला. ‘टेलिथॉन’ या नांवाचा तासन्‌तास चालणारा कार्यक्रम करून, अपंगांचीं केविलवाणीं चित्रें दाखवून धर्मादाय पैसा गोळा करीत. साइडशोचाच हा सभ्य अवतार, असें म्हणावयास आम्हांस हरकत दिसत नाहीं. १९९० सालीं, व पुन्हां १९९२ सालीं, अपंगांनीं लंडनांतील स्टुडिओबाहेर निदर्शनें केलीं. पुढाकार कोणाचा, तर बार्बरा लिसिकी या विनोदी एकपात्री खेळ करणाऱ्या बाई व ॲलन होल्ड्सवर्थ हे गायक यांचा! दुसऱ्या खेपेस हजाराहून अधिक लोक जमले, आणि त्यानंतर टेलिथॉन झाला नाहीं. १९९३ सालीं याच दोघांच्या पुढाकारानें निघालेल्या मंडळानें आणखी पुढें जाऊन, ज्या बसगाड्यांत आपणांस चढतां येत नाहीं त्यांनाच सांखळ्यांनीं स्वतःस जखडून घेऊन लंडनचे रस्ते अडविले. १९९५ च्या नोव्हेंबरांत भेदभावाविरुद्धचा कायदा झाला. तो अपुरा म्हणून चळवळीनें त्याजवर टीकाही केली.

नाटकमंडळी या सर्व काळांत चालूच होती. १९९७ पासून तिचीं सूत्रें जेनी सीली यांजकडे आलीं. त्या स्वतः बहिऱ्या. संकेतभाषा, पडद्यावरील अक्षरें व अंधांसाठीं दृश्याचें वर्णन यांची ठिगळें नाटकास मागाहून न लावतां तीं त्याच्या वीणींतच गुंफावयाचीं, ही त्यांची पद्धत. २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकच्या उद्घाटनसोहळ्याच्या दोघां दिग्दर्शकांपैकीं त्या एक होत्या. त्या रात्रीं, लहानपणीं पोलिओ झालेल्या इयन ड्युरी यांचें १९८१ चें, बी.बी.सी.नें ज्याच्या प्रक्षेपणावर बंधन घातलें होतें तें बंडखोर गाणें भर स्टेडियममध्यें वाजलें, व हक्कांचे फलक घेतलेले अपंग नट जगानें पाहिले. आणि त्याच आठवड्यांत बाहेर अपंगांचीं खरीखुरीं निदर्शनें चाललीं होतीं. कारण अपंगांची काम करण्याची पात्रता तपासून सरकारी मदतीच्या निर्णयास आधार पुरविणारी ॲटॉस कंपनी त्या खेळांची एक प्रायोजक होती. आंतला फलक व बाहेरचा फलक यांत फार अंतर नव्हतें.

लिसिकी व होल्ड्सवर्थ यांच्या कथेवर २०२२ सालीं बी.बी.सी.नें चित्रपट दाखविला. त्यांत होल्ड्सवर्थ यांची भूमिका आर्थर ह्यूज या हाताच्या उपजत व्यंग असलेल्या नटानें केली. त्याच वर्षीं स्ट्रॅटफर्ड येथें रॉयल शेक्सपियर कंपनीनें ह्यूज यांस तिसरा रिचर्ड केलें. व्यंग असलेल्या राजाची ती भूमिका शेक्सपियरनें सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिली; त्या कंपनीच्या रंगमंचावर ती अपंग नटाकडे प्रथमच आली.